बोहाड्याचा राक्षस आणि मॅकबेथचे हात

शेक्सपिअरच्या शोकांतिकेत माणसाचे मन गुन्हा घडायच्या आधीपासूनच त्याला खाऊ लागते, आणि प्रेक्षकाला बांधून ठेवणारा ताणही तिथूनच सुरू होतो. पुढे काय होणार याचा अंदाज बहुतेक वेळा आधीच आलेला असतो. हा माणूस ते करणार का, आणि करून बसल्यावर जगणार कसा, एवढेच पाहायचे उरते. मराठी रंगभूमीवर ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. पापी माणूस तेव्हा इथल्या प्रेक्षकाला अनोळखी नव्हता, पण तो वेगळ्या रूपात भेटत असे. त्या रूपाचा एक जिवंत नमुना जुन्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात अजून पाहायला मिळतो.

जव्हार, मोखाडा, शहापूर या तालुक्यांतल्या गावांत उन्हाळ्याच्या तोंडाशी बोहाडा होतो. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर जव्हार-मोखाडा तिकडे गेले. शहापूर आणि मुरबाड ठाण्यात राहिले. रात्र चढली की संबळ आणि पिपाणी वाजू लागते आणि टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग नाचत पुढे येते. आधी गणपती, सारजा म्हणजे सरस्वती, मग देव आणि दानव, रामायण-महाभारतातली पात्रे. शेवटी देवी आणि महिषासूर यांची झुंज होते आणि महिषासूर पडतो. गावासाठी हा खेळ असतो तसाच देवकार्यही असतो. त्यातल्या राक्षसाचे पाप त्याच्या मुखवट्यावर रंगवलेले असते. सुळे, वटारलेले डोळे, भडक रंग पाहिले की तान्ह्या पोरालाही समजते की हा मारला जाणार. त्याच्या मनात काय चालले आहे, हा प्रश्न तिथे पडतच नाही. ताण असतो तो अंगावर धावून येणाऱ्या सोंगाचा, वाढत्या ठेक्याचा आणि देवीच्या येण्याचा.

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. तिथे गुरांचा बाजार असतो, घोंगड्यांचा बाजार असतो आणि तमाशाचे फडही उतरतात. तमाशाच्या वगातही कपटी माणूस पहिल्या दोन वाक्यांतच ओळखू येतो. त्याचे कपट उघडे पडणार याची खात्री घेऊनच लोक बसलेले असतात, आणि ते कसे उघडे पडते यात त्यांचा जीव रमतो.

छापील इतिहासातली मराठी रंगभूमीही याच्या जवळपासच सुरू झाली. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्या वळणाच्या पौराणिक खेळांत राक्षसांची वेगळी टोळीच असे. ते आरडाओरडा करत, तलवारी फिरवत येत आणि प्रेक्षकांतली मुले आयांच्या पदरात दडत. संस्कृत नाट्यशास्त्राचा दंडक वेगळाच होता: रंगमंचावर वध दाखवायचा नाही, आणि शेवट गोड करायचा. मरता मरता वैर सोडणारा दुर्योधन ज्यात आहे ते ‘ऊरुभंग’ भासाच्या नावावर छापून आले ते विसाव्या शतकात, त्रावणकोरात हस्तलिखिते सापडल्यानंतर. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या मराठी नाटककारापुढे स्वतःच्या पापाने पोखरला जाणारा नायक उभा करण्यासाठी घरचा नमुना फारसा नव्हता. तो त्याला कॉलेजातल्या इंग्रजी पुस्तकांत मिळाला.

त्या पुस्तकांतल्या तीन शोकांतिका मराठीत सर्वांत आधी रुजल्या: ऑथेल्लो, हॅम्लेट आणि मॅकबेथ. तिन्हींत ताण आणि अपराध यांची जोडणी निरनिराळी आहे. ऑथेल्लोत नायकाला शेवटपर्यंत वाटत राहते की आपण न्यायच करतो आहोत. खरे काय ते प्रेक्षकाला ठाऊक असते, कारण ऑथेल्लोचे कान भरणारा इयागो आपला बेत त्याला आधीच सांगून टाकतो. वगातला कपटी माणूसही तेच करतो. फरक एवढाच की वगात कपट उघडे पडते तेव्हा काही वाचवता येते; इथे ते उघडे पडेपर्यंत बायकोचा, डेस्डिमोनाचा, जीव गेलेला असतो आणि ऑथेल्लोवर सगळा अपराध एका क्षणात कोसळतो. हॅम्लेटमध्ये अपराधी आहे भावाचा खून करून राजा झालेला क्लॉडियस, आणि त्याच्या मनात दडलेले पाप बाहेर काढण्यासाठी नाटकातच एक नाटक लावले जाते. ते पाहून तो उठून जातो, मग एकटाच गुडघे टेकतो, पण पश्चात्तापाची प्रार्थना त्याला साधत नाही, कारण पापाने मिळवलेले राज्य आणि राणी सोडायची त्याची तयारी नसते. मॅकबेथमध्ये मात्र अपराधी आणि नायक एकच आहे. म्हणून ही रीत समजून घ्यायला तेच नाटक सर्वांत सोयीचे.

मॅकबेथ साधारण 1606 च्या सुमाराला लिहिले गेले आणि 1623 च्या समग्र आवृत्तीत पहिल्यांदा छापले गेले. शेक्सपिअरच्या शोकांतिकांतली ही सर्वांत आटोपशीर. हॅम्लेटच्या जवळजवळ निम्मी. कथा होलिन्शेड या इंग्रज बखरकाराच्या बखरीच्या 1587 च्या आवृत्तीतून घेतलेली आहे. त्या बखरीत डंकन राजा वयाने तरुण आणि कारभारात ढिला आहे, मॅकबेथच्या मनात त्याच्याविषयी खऱ्या तक्रारी आहेत आणि त्याचा सोबती सरदार बँको त्याच्या कटात सामील आहे. शेक्सपिअरने हे सगळे बदलले. डंकन वडीलधारा आणि सज्जन केला, बँकोला कटातून बाहेर काढले. यामागे राजकारण होतेच: 1603 साली इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स राजा स्वतःला बँकोचा वंशज मानत होता. पण नाटकाला याचा जो फायदा झाला तो राजाच्या मर्जीपेक्षा मोठा आहे. मॅकबेथपाशी आता सबब उरली नाही. वाटेकरी म्हणून उरली ती फक्त बायको.

पहिल्याच अंकात चेटकिणी त्याला राजा होशील म्हणतात, आणि बँकोच्या लक्षात येते की चांगली बातमी ऐकून हा दचकला. खून हा शब्द अजून कोणी उच्चारलेला नसतो. तरी मॅकबेथच्या डोळ्यांपुढे एक चित्र येते, त्याच्या अंगावर काटा उभा राहतो आणि काळीज बरगड्यांवर आपटू लागते. टोचणीची सुरुवात ही अशी, हात स्वच्छ असताना. पुढे राजा त्याच्याच वाड्यात मुक्कामाला येतो. दारात उभा राहून तो तिथल्या हवेचे कौतुक करतो, आणि भिंतीत घरटी करणाऱ्या पाखरांकडे बँको त्याचे लक्ष वेधतो. मागच्याच प्रवेशात लेडी मॅकबेथने या पाहुण्याचे काय करायचे ते ठरवलेले असल्याने हे चार शांत उद्गार ऐकताना प्रेक्षकाचा जीव वरखाली होतो. नंतरच्या स्वगतात मॅकबेथ स्वतःविरुद्धची फिर्याद स्वतःच मांडतो: राजा आपला नातेवाईक, आपला धनी, आणि आज आपला पाहुणा. पाहुण्यासाठी दार लावून घ्यायचे ते मारेकऱ्यावर, आणि मारेकरी तर आपणच. दारी आलेल्या अतिथीला देव मानणाऱ्या समाजात या ओळी समजावून सांगाव्या लागत नाहीत. तो माघार घेतो. बायको त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते. तो पुन्हा तयार होतो. एका प्रवेशात दोनदा मन फिरते, आणि दोन्ही वेळा प्रेक्षकाला ते पटते.

दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश हा सगळ्या नाटकाचा कणा आहे, आणि त्यात खून दिसतच नाही. राजाची खोली पडद्याआड आहे. रंगमंचावर लेडी मॅकबेथ एकटी, पहारेकऱ्यांना पाजून आलेली. घुबड ओरडते आणि ती दचकते. आत काहीतरी आवाज होतो आणि तिला वाटते, पहारेकरी जागे झाले, काम फसले. याच ठिकाणी ती कबूल करते की झोपलेला राजा तिच्या वडिलांसारखा दिसला नसता तर तिनेच हे केले असते. एवढ्या कठोर बाईच्या तोंडी आलेले हे एक वाक्य पाचव्या अंकाची चाहूल देऊन जाते. मॅकबेथ येतो. आता दोघांचे बोलणे तुटक होते. कोण बोलले, कधी, खाली उतरताना का, अशा एकेका शब्दाच्या प्रश्नोत्तरांत पद्याची ओळ फुटून जाते. त्याला राज्य सुचत नाही, सुटका सुचत नाही. त्याच्या डोक्यात एकच बसले आहे: बाजूच्या खोलीत कोणीतरी झोपेत प्रार्थना म्हटली आणि तिच्या शेवटी म्हणायचा ‘आमेन’ आपल्या घशात अडकला. मग त्याला एक आवाज ऐकू आलेला असतो, की मॅकबेथने झोपेचाच खून केला. हातातले खंजीर तो खोलीत ठेवायला विसरला आहे. परत जायला तो तयार नाही. बायको ते हिसकावून घेऊन आत जाते.

तेवढ्यात दरवाजा ठोठावला जातो. कोण आले आहे ते कळत नाही. ती लाल हातांनी परत येते आणि म्हणते की थोड्या पाण्याने हे सगळे निघून जाईल. त्याला मात्र वाटते की अख्खा समुद्र लाल होईल, हात धुतले जाणार नाहीत. ठोठावणे थांबत नाही. मग दारुडा द्वारपाल येतो, आपण नरकाचे दार राखत आहोत असे समजून बडबडतो आणि दार उघडायला उशीर लावतो. लोक हसतात, पण हसतानाही आतल्या खोलीतले प्रेत विसरत नाहीत. थॉमस डी क्विन्सी या इंग्रज लेखकाने 1823 साली या ठोठावण्यावरच एक निबंध लिहिला. खुनाच्या वेळी माणसांचे नेहमीचे जग थांबलेले असते आणि दारावरच्या थापांनी ते पुन्हा चालू होते, म्हणून त्या थापा इतक्या भयंकर वाटतात, असे त्याचे म्हणणे. हे म्हणणे पटण्यासारखे आहे. भीती दाखवण्यासाठी शेक्सपिअरने इथे वापरले काय, तर एक पक्षी, दोन खंजीर, पाणी आणि दारावरची थाप. ग्लोब थिएटरमध्ये नाटके दुपारी, उघड्या आभाळाखाली होत. त्यामुळे अंधारसुद्धा शब्दांनीच उभा करावा लागे. सायमन फोरमन नावाच्या एका लंडनकराने 1611 साली हे नाटक तिथे पाहून जी टिपणे केली, त्यांत नवरा-बायकोच्या हातांवरचे न निघणारे रक्त त्याने आवर्जून नोंदवले आहे.

पुढच्या भागात अपराध दोघांत वाटला जातो आणि त्याच्याबरोबर दोघे एकमेकांपासून सुटत जातात. बँकोला मारायचे मॅकबेथ बायकोला न सांगता ठरवतो. मेजवानीत बँकोचे भूत येऊन मॅकबेथच्याच आसनावर बसते; ते फक्त त्याला दिसते, पाहुण्यांना दिसते ते आपल्या राजाचे बरळणे. बायको सावरून घेते, पाहुण्यांना घाईने निरोप देते. त्यानंतर ती थेट पाचव्या अंकापर्यंत दिसत नाही, आणि दिसते तेव्हा झोपेत चालत असते. हातात दिवा, कारण अंधार तिला सोसत नाही. तिची दासी आणि वैद्य कोपऱ्यातून पाहत असतात. एरवी पद्यात बोलणारी ही राणी इथे तुटक्या गद्यात बोलते: डंकनचे रक्त, बँकोचे थडगे, मॅकबेथने मारवलेली सरदार मॅकडफची बायको, सगळे एकात एक मिसळून. ती हात चोळत राहते. थोड्या पाण्याची भाषा करणारी हीच बाई, आणि जो ‘झोप गेली’ म्हणत होता तो नवरा आता निबर झालेला. तिच्या मृत्यूची बातमी येते तेव्हा त्याच्याने धड रडवतही नाही. एकाची टोचणी बोथट होत जाते आणि दुसऱ्याची वाढत जाते, अशी ही उलटापालट आहे. दोघांनाही सारखाच पश्चात्ताप दाखवला असता तर नाटक कीर्तनातल्या दृष्टांतावर थांबले असते.

मराठीत शेक्सपिअरचे पहिले संपूर्ण भाषांतर ऑथेल्लोचे, महादेवशास्त्री कोल्हटकरांचे, 1867 सालचे. पुढच्या पिढीने ही नाटके बैठकीतून रंगमंचावर नेली. कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात 1882 साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. त्या काळात आगरकरांनी हॅम्लेटवर काम केले आणि ते ‘विकारविलसित’ या नावाने पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. गोविंद बल्लाळ देवलांनी ऑथेल्लोवरून ‘झुंजारराव’ लिहिले. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी मॅकबेथचे ‘मानाजीराव’ केले. नावे, पेहराव, दरबार सगळे मराठी झाले. या नाटकांना मोठा नट मिळाला तो गणपतराव जोशी, आणि त्यांच्या शाहूनगरवासी नाटक मंडळीत स्त्री-भूमिकांसाठी बाळाभाऊ जोग. किर्लोस्कर मंडळींच्या संगीत नाटकाची तेव्हा सर्वत्र चलती होती. त्याच काळात शाहूनगरवासी मंडळी गद्य नाटकावर उभी राहिली. पदाला ‘वन्समोर’ मिळाला की कथा जागच्या जागी थांबते. मॅकबेथच्या दुसऱ्या अंकाला ते परवडणारे नव्हते. शोकांतिकेचा ताण पेलणे प्रथम गद्य मंडळ्यांना साधले, यात योगायोग कमीच होता.

1954 साली वि. वा. शिरवाडकरांनी मॅकबेथ पुन्हा हाती घेतले. ‘राजमुकुट’ मुंबई मराठी साहित्य संघाने रंगमंचावर आणले, आणि लेडी मॅकबेथची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. बाळाभाऊंच्या काळापासून इथवर रंगभूमी बरीच चालून आली होती. हात चोळत चालणारी राणी आता बाईच करत होती. शिरवाडकरांनी पुढे ऑथेल्लोही मराठीत आणले, विंदा करंदीकरांनी 1974 साली ‘राजा लियर’ दिले. 1970 च्या ‘नटसम्राट’मध्ये तर शेक्सपिअरच्या भूमिका करून थकलेला म्हातारा नट स्वतःच लियरच्या वाटेने जातो.

भाषांतरांपेक्षाही या रीतीचा खरा मुक्काम दिसतो तो राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त. 1919 साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरात, गंधर्व मंडळींनी ते बडोद्यात रंगमंचावर आणले. नायकाची बायको सिंधू बालगंधर्वांनी केली. इथे राज्य नाही, चेटकिणी नाहीत. आहे एक हुशार, मानी वकील, सुधाकर. सनद गेल्याच्या उद्वेगात त्याच्या कारकुनाने, तळीरामाने, पुढे केलेला पहिला प्याला तो घेतो, आणि दारू सोडण्याची शपथ दर वेळी मोडतो. मॅकबेथला एका खुनातून दुसरा करावा लागतो तसे सुधाकराचे होते; एका प्याल्याची लाज बुडवायला दुसरा लागतो. दारूच्या धुंदीत त्याच्या हातून मूल मरते. सिंधू मरताना नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. तिने त्याला वाचवले म्हणूनच त्याला जगणे अशक्य होते. न्यायालयाची शिक्षा टळली की स्वतःची शिक्षा सुरू होते. शेक्सपिअरकडून मराठी नाटकाने जे घेतले त्यातले सर्वांत मोलाचे हेच, आणि गडकऱ्यांनी ते पूर्णपणे आपले करून दाखवले. पदांनी त्यातला ताण अधूनमधून सैल होतो हे खरे. शेवटच्या अंकात तो पुन्हा घट्ट होतो हेही तितकेच खरे. ठाण्याच्या नाट्यगृहाला ‘गडकरी रंगायतन’ हे नाव आहे ते याच नाटककाराचे.

लोकनाट्याचा सांगाडा या शोकांतिकेला पेलतो का, हा प्रश्न पुढे भारतात इतरत्रही विचारला गेला. ब. व. कारंत यांनी 1979 साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या रंगमंडळासाठी ‘बरनम वन’ हे हिंदी मॅकबेथ कर्नाटकातल्या यक्षगानाच्या अंगाने बसवले, आणि ठेका, पदन्यास, रंगवलेले चेहरे मॅकबेथच्या मनाला अडसर होत नाहीत हे दाखवून दिले. हीच साधने शहापूरच्या वरच्या गावांना नवी नाहीत. मुखवट्यामागचा माणूस दाखवायचा असेल तर आधी मुखवटा हवा, आणि तो इथे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला आहे.

शहापूर आणि मुरबाडच्या महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य घेणाऱ्या मुलांना मॅकबेथ बहुधा परीक्षेच्या टिपणांतून भेटते: महत्त्वाकांक्षा, नियती, पश्चात्ताप, प्रत्येकी पाच मुद्दे. त्यांतल्या कित्येकांनी लहानपणी टेंभ्यांच्या उजेडात राक्षस अंगावर येताना पाहिलेला असतो. ताण म्हणजे काय हे त्यांच्या अंगाला माहीत असते. त्यांच्या शिक्षकांना एवढीच विनंती, की टिपणे वाटण्याआधी दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश वर्गात दोघांकडून मोठ्याने वाचून घ्यावा, मराठीतून वाचला तरी चालेल, आणि तिसऱ्याला दाराबाहेर उभे करून योग्य जागी थाप मारायला सांगावे.